पूजेतली जाळी

तासगाव,
सर्वपित्री अमावस्या

प्रिय इंद्रजित,

पत्राच्या सुरुवातीला अनेक आशीर्वाद लिहायची रीत आहे. ते मी शेवटासाठी मागे ठेवले आहेत, उरले तर लिहीन. मागच्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस की आई, साताऱ्यातलं सगळं आवरून घरी येऊ का, बेदाण्याची शेड आता मीच सांभाळू का. मी एका श्वासात ये म्हणाले. ते ‘ये’ मी परत घेते आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्ये बोलला असतास, आणि तू बोलायला लागलास की माझं डोकं चालेनासं होतं, हे तुला दुधाच्या दातांपासून ठाऊक आहे. पत्राला मध्ये तोंड घालता येत नाही. तेव्हा गुमान शेवटपर्यंत वाच.

तुझी नोकरी गेली हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं होतं. कंपनीने बाहेरची माणसं बोलावली, कोण काय काम करतो याची त्यांनी पाहणी केली, आणि दुसऱ्यांची पाहणी करणारा तूच जास्तीचा निघालास. हे तू सांगत होतास तेव्हा मी पदराने डोळे पुसत होते. आज तेच आठवून मला हसू येतं आहे. आईला असं हसू येऊ नये, पण येतं आहे, त्याला मी काय करू? तू म्हणालास, एवढी वर्षं राबलो आणि दुपारच्या आत टेबल रिकामं करायला सांगितलं गं. टेबल रिकामं करायला लागलं की कसं वाटतं ते कळलं ना बाळा? ज्याचं जळतं त्याला कळतं.

पण त्या दिवशी मी अशी नव्हते. फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पेढे वाटले. माझा इंदू येणार, आता मी निवांत माळ ओढत बसणार, असं सगळ्यांना ऐकवलं. बायकांनी पेढे खाल्ले, तोंडभर बरं म्हणाल्या. धोंडुबाई शेडमागच्या तिच्या खोलीच्या पायरीवर बसली होती. तिने पेढा डाव्या हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला, उन्हात तो वितळायला लागला तरी. मला वाटलं, म्हातारीचं पथ्य असेल.

तू घरी आलास ते वर्ष तुला आठवतं का, का ते फक्त नोकरीच्या अर्जात लिहिण्यापुरतं होतं? पुण्याची पदवी घेऊन आलास आणि पहिल्याच दिवशी लाल कागदाच्या चिठ्ठ्या कातरल्यास. ज्या वस्तूचा रोजच्या कामाला उपयोग नाही तिला लाल चिठ्ठी, आणि कुणी पटेल असं कारण सांगितलं नाही तर ती वस्तू शेडच्या बाहेर. मोडके क्रेट गेले, गंजके पत्रे गेले, शेड मोकळी झाली. खोटं कशाला बोलू, वजनकाटा दारातून उचलून टेबलांच्या मध्ये आणलास त्याने बायकांचे हेलपाटे वाचले. हिरव्या मालाला एका रंगाचे क्रेट, पिवळ्याला दुसऱ्या, काळ्याला तिसऱ्या, ही तुझी सोय अजून तशीच आहे. चांगलं ते मी फेकत नाही. मग तुझी चिठ्ठी चहाच्या चुलीला लागली, कारण चहाला सगळ्या एकदम उठतात. मग एका गावच्या बायका शेजारी बसून बोलतात म्हणून तू त्यांना फोडलंस, सावळजची या टोकाला आणि मणेराजुरीची त्या टोकाला. शेवटी चिठ्ठी लागली कोपऱ्यातल्या झोळीला. तान्हं पोर झोळीत टाकून बायका निवडायला बसायच्या. तू म्हणालास, आई, इथे आणखी एक टेबल बसतं. बसलं की.

त्याच झोळीत तू वाढलास. तुझे वडील गेले तेव्हा तू बसायलाही शिकला नव्हतास. मी व्यापाऱ्यांच्या दारोदार फिरत होते आणि आटपाडीकडून मेंढरं विकून पोटासाठी इकडे आलेली धोंडुबाई पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून तुला झोके देत होती, हातांनी बेदाणा निवडत होती. तिची मुलगी पल्लवी तुझ्यानंतरची. तू तिला मावशी म्हणायचास आणि माझ्याआधी तिच्याकडे रडत जायचास. ती झोळी तू भंगारवाल्याच्या गाडीत फेकलीस, आणि मी शेजारच्या बाईला म्हणाले, बघा, माझ्या पोराला जुन्या गोष्टींचं वेड नाही. माल वाढला होता ना. तू भिंतीवर तक्ता लावला होतास, त्यावरची रेघ चढत होती, आणि मी आल्यागेल्याला ती दाखवत होते.

तेव्हाच तू आणखी एक नियम केलास. बेदाण्याच्या काड्या काढायच्या मशीनच्या मेन स्विचला लोखंडी पेटी आणि पेटीला कुलूप. किल्ली एकाच माणसाकडे, म्हणजे जबाबदारी कुणाची यावर वाद नको. आधी तो स्विच बशीर बघायचा. बशीर तुझ्या वडिलांच्या वेळचा मिस्त्री, मशीन बसवलं त्यानेच आणि त्याचा प्रत्येक बोल्ट त्याच्या हातचा. तू किल्ली आपल्या पट्ट्याला अडकवलीस. बशीर मला नुसतं एवढंच म्हणाला, “आक्का, बरं झालं, माझा एक घोर गेला.” हा नियम लक्षात ठेव. त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता खंडेनवमी. सगळं शिकलास तरी घरची रीत विसरला नसशील, म्हणून विचारते. नवमीला आपल्याकडे हत्यारं धुऊन पूजेत मांडतात आणि त्या दिवशी त्यांना काम लावत नाहीत. मशीन काही उचलून चौरंगावर ठेवता येत नाही. म्हणून तुझ्या वडिलांपासूनची पद्धत अशी की बशीर मशीनच्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी सोडवायचा, सोड्याने घासून लख्ख करायचा आणि माझ्या हातात द्यायचा. मी ती पाने, पकडी आणि वजनांबरोबर मांडायची, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, नारळ ठेवायचा. दसऱ्याला सकाळी मीच अक्षता टाकून पूजा हलवायची. मग बशीर जाळी बसवणार आणि मगच बटण. मांडणारीने हलवल्याशिवाय पूजेतल्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही. शेडमधली एकही बाई लावणार नाही, आणि बशीर तर मुळीच नाही. तो म्हणायचा, “आमच्या कुराणाला तुमी शिवत न्हाईसा, तवा तुमच्या पूजेला आमी कशाला शिवावं?”

त्या वर्षीच्या नवमीच्या संध्याकाळी मी देवीला गेले होते. तिथेच तुझा फोन आला, मिरजेच्या दवाखान्यातून. धोंडुबाईचा उजवा हात पट्ट्यात सापडला, मनगटापासून गेला. तू सांगितलंस की तू बाजारात व्यापाऱ्याकडे होतास, बशीरने दिवाळीचा माल उरकायला आपल्या मनाने मशीन चालू केलं, जाळी बसवायची विसरला आणि घाबरून पळून गेला. मी विश्वास ठेवला. आईने पोटच्या पोरावर नाही ठेवायचा तर कुणावर? दसऱ्याला बशीर शेडमध्ये आला तेव्हा मी त्याला सगळ्या बायकांसमोर चोर म्हणाले, हरामखोर म्हणाले, आणखीही म्हणाले. तो सांगत होता, “आक्का, मी न्हाई चालवलं. मी तर दुपारीच घरला गेलतो.” मी ऐकलं नाही. पोलिसांत त्याचं नाव गेलं, निष्काळजीपणाची केस झाली, आणि बशीर गेली तीन वर्षं तारखांना कोर्टाच्या पायऱ्या चढतो आहे. पुढच्या महिन्यात म्हणे निकाल लागेल. तू मात्र त्याच हिवाळ्यात साताऱ्याची नोकरी धरलीस. मुलाखतीला जाताना भिंतीवरचा तो तक्ता गुंडाळून बरोबर नेला होतास.

पेढे वाटले त्याच्या दुसऱ्या दिवशी धोंडुबाई घरी आली. उंबऱ्यातच उभी राहिली आणि म्हणाली, “आक्का, पल्लवीचा हिशेब करून द्या. आमी जातो आटपाडीला.” दिवाळीचा माल तोंडावर, आणि पल्लवी आता सगळ्या गाड्यांची भरती बघते. मी तडकले. कुठे जास्त मिळतंय म्हणाले, तोंड फिरलं का म्हणाले. ती म्हणाली, “तसं न्हाई. इंदरबाबा यायच्या आत गेल्यालं बरं.” मला काही कळेना. ज्याला अंगाखांद्यावर वाढवलंस त्याची भीती कशाची, असं मी तिला दरडावून विचारलं. तेव्हा ती खाली बसली. तिला रडू नाही आलं, ती नुसती सांगत गेली, जसं कुणी घरची भाकरी कशी झाली ते सांगावं.

“बशीरभाई नव्हता वं तितं. बाबानंच बोलावलं मला खोलीतनं. ट्रक यायचा हाय, थोडी पोती ऱ्हायल्यात म्हणाला. बशीरभाईला फोन केलता त्यानं, तर बशीरभाई म्हणाला, जाळी पूजेत हाय, आक्काला इचारा, त्या येऊन हलवतील, मग मी येतो. बाबानं फोन ठिवला. किल्ली काढली आन् सोताच बटण दाबलं. म्या म्हटलं, लेकरा, जाळी न्हाई रं. त्यो म्हणाला, मावशे, थोडंच काम हाय, मी हाय की हितं.”

हितं होतास. ट्रकवाल्याशी फोनवर बोलत दारात होतास. पट्ट्याच्या कडेला बेदाणा साचतो तो झाडायला धोंडुबाईचा हात रोज न बघता तिकडे जायचा, जाळीला टेकायचा आणि परत यायचा. इतक्या वर्षांची सवय, बोटांना माहीत की पुढे जाळी आहे. त्या दिवशी बोटं टेकायला गेली आणि पुढे जाळी नव्हती. ती चार पावलांवर, झेंडूच्या फुलांखाली, लख्ख घासलेली, हळदकुंकू लावलेली, चौरंगावर होती. तूही तिला शिवला नाहीस. हे मला सगळ्यात जास्त टोचतं, इंद्रजित. बायकांची चूल फेकलीस, झोळी फेकलीस, नवमीला मशीन चालवलंस, तेव्हा तुला देव आडवा आला नाही. आणि जाळी उचलायची वेळ आली तेव्हा तुला पूजा आठवली. पूजा मोडली तर आई ओरडेल, एवढीच तुझी भीती होती. मोडायला नको होती. फोन हातात होता, मला फक्त म्हणायचं होतंस की आई, ये आणि पूजा हलव. मी शिव्या देत आले असते, पण आले असते. तुला विचारायचं नव्हतं, कारण मी नको म्हणेन आणि तुझी रेघ त्या दिवसापुरती खाली येईल, असं तुला वाटलं.

गाडीत तू रडलास असं ती म्हणाली. तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलास, तिच्या रक्ताचे डाग तुझ्या शर्टाला लागले. तो शर्ट मीच धुतला होता. आणि मिरज यायच्या आत तुझं डोकं ताळ्यावर आलं होतं. तू तिला सांगितलंस की मावशी, यातलं कुणालाही कळलं तर शेड आईच्या नावावर म्हणून तिला पोलीस नेतील, शेड बंद होईल, पल्लवीला कामाला कोण ठेवणार? हात तुटलेल्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवून तू तिच्या पोरीच्या भाकरीचा विचार तिला घालून दिलास. केसाने गळा कापणारे मी पुष्कळ पाहिले, पण असा माझ्याच घरात निपजेल असं वाटलं नव्हतं. ती तीन वर्षं गप्प राहिली. बाबा दूर आहे तोवर निभेल असं तिला वाटत होतं. तू परत येणार म्हटल्यावर तिला रात्रभर झोप नव्हती, कारण आता रोज तुझ्यासमोर गप्प राहायचं होतं, आणि तुझ्या जिभेवर तिच्या पोरीचं पोट.

मी आधी तिला खोटी म्हणाले. हेही तुला कळू दे, तुझ्या आईने शेवटपर्यंत तुझीच बाजू ओढली. मग तिने मला फक्त विचारलं, “आक्का, पेटीची किल्ली कुनाकडं असायची?” बशीरकडे ती किल्ली नव्हतीच. तुझ्याच नियमाने नव्हती. एकाच माणसाकडे किल्ली, म्हणजे जबाबदारी कुणाची यावर वाद नको. किती नीट नियम होता तुझा! आम्हीच बिनडोक, आम्हाला तो तेव्हा वाचता आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मिरजेला बशीरकडे गेले. पंप दुरुस्त करायचं लहानसं दुकान आहे त्याचं, त्याची बायको मेहरुनबी बाहेर शिवणाचं मशीन टाकून बसते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला. मी पाया पडायला वाकले तर बशीर मागे सरकला. परत ये म्हणाले, तर त्याने नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाला, “आक्का, मी तवा सांगत हुतो. तुमी माझं का ऐकलं न्हाईसा?” मेहरुनबीने मशीन थांबवलं आणि तीही उत्तराची वाट बघत बसली. मी चहा तसाच ठेवून उठून आले. येताना एसटीत तुझा फोन आला, सामानाला टेम्पो कधी पाठवतेस म्हणून. मी घेतला नाही.

घरी आल्यावर तुझ्याच पद्धतीने काम केलं. तुझी खोली उघडली आणि लाल चिठ्ठ्या कातरल्या. ज्याचा उपयोग नाही ते बाहेर, आणि काढताना भावना आड येऊ द्यायची नाही, असं तू मला ऐकवायचास. आधी तुझ्या पुस्तकांना चिठ्ठी लागली. मग कपाटाला. मग शाळेतल्या ढाली, लग्नातला फेटा, तुझा लहानपणचा चांदीचा वाळा. वाळ्यापाशी माझा हात थोडा थांबला, हे लिहिते, नाहीतर म्हणशील आई दगडाची आहे. पण तोही गेला. आता त्या खोलीत धोंडुबाई राहते, तुझ्या पलंगावर झोपते. पल्लवीने शेडच्या कोपऱ्यातलं ते टेबल उचलून नवी झोळी बांधली आहे. एका गावच्या बायका पुन्हा शेजारी बसल्या आहेत आणि दिवसभर माझी निंदा करतात, त्यांच्या हक्काची आहे. तुझा तक्ता नाहीच, त्यामुळे रेघ वर जाते का खाली ते कळायला मार्ग नाही. शेडचा कारभार मी पल्लवीला लिहून दिला. तुला यायचं होतं ती जागा आता रिकामी नाही.

फक्त येऊ नको म्हणायला एवढे कागद भरायची गरज नव्हती. खरं कारण वेगळं आहे. काल मी आणि धोंडुबाई पोलीस ठाण्यात गेलो होतो. तिने डाव्या हाताचा अंगठा उमटवला आणि तू बटण दाबलंस ते सांगितलं. तिच्यानंतर मी बसले. पेटीची किल्ली कुणाकडे होती, ती कुणाच्या नियमाने होती आणि पूजा हलवायला मला फोन आला नाही, हे मी सांगितलं. हवालदाराने दोनदा विचारलं की बाई, मुलगाच ना तुमचा, विचार करून सही करा. विचार करून केली. ते तुझ्याकडे येतीलच. तेव्हा साताऱ्याचं घर सोडू नको, पत्ता मी तोच दिला आहे. हे पत्र आजच मालाच्या गाडीवाल्याच्या हाती देते आहे; माझ्या सुनेला, सोनियाला, आणि बाळाला मात्र उद्या घट बसायच्या आत इकडे पाठव, पोलीस दारात आलेले त्या पोरीने बघायला नकोत. आशीर्वाद मागे ठेवले होते ते त्या दोघांना. तुझ्यापुरते उरले नाहीत. एवढं लिहून झाल्यावर शेवटची चिठ्ठी हातात राहिली होती, ती खाली सहीशेजारी लावून बघितली. तिथे ती बसत नाही. तेवढं एकच नातं असं निघालं की ज्याचा मला काही उपयोग नाही आणि बाहेरही टाकता येत नाही.

तुझीच,
आई